इंजिनिअरिंग फिजिक्स घ्यावं का? (जोसाचे, म्हणजे आयआयटी-एनआयटी प्रवेशाचे, पर्याय भरायचेत, मदत करा)

ऊर्मिला_सांगलीकर

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आज वेगळंच काम घेऊन आलेय.

लेकीचा जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा निकाल लागला. रँक इथे लिहीत नाही, पण चांगली आहे. पवईच्या आयआयटीत कॉम्प्युटर मिळेल इतकी मात्र नाही, तिथला खेळ अगदी वरच्या रँकांतच आटोपतो. जोसाचे पर्याय भरायला बसलो तर बाईंनी सगळ्यात वर टाकलंय पवईचं इंजिनिअरिंग फिजिक्स. त्याखाली एका नव्या आयआयटीतलं इलेक्ट्रॉनिक्स, मग नागपूरच्या व्हीएनआयटीतलं कॉम्प्युटर. आयसरची (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या सरकारी संस्थांची) प्रवेशपरीक्षा, आयएटीही दिली आहे, म्हणजे पुणं आहेच.

घरात दोन तट पडलेत. हे म्हणतात, "इंजिनिअरिंग तरी घे नाहीतर फिजिक्स तरी घे, हे धेडगुजरी काय?" सासरे निवृत्त शास्त्र शिक्षक, ते नातीच्या बाजूने. मी मध्ये.

चार वर्षं नक्की काय शिकवतात, पोरं बाहेर पडून काय करतात हे कोणी सांगेल का? आणि मला खरी धास्ती वेगळीच आहे. हिला फिजिक्स आवडतं म्हणजे क्लासमधलं फिजिक्स आवडतं. तेच पुढेही आवडेल कशावरून?

एटीकेटी_सम्राट

इंजिनिअरिंग फिजिक्स??? ताई, मी तो पेपर तिसऱ्या झटक्यात काढलाय. सोडियमचा पिवळा दिवा, अंधारी खोली, आणि त्या मायक्रोस्कोपमधून न्यूटनच्या रिंगा मोजत बसायचं. मोजता मोजता पार्टनर शिंकला की पुन्हा पहिल्यापासून. पोरीने असा काय गुन्हा केलाय की तिला तेच चार वर्षं?

फोटॉनवाली

सम्राट, तुम्ही म्हणताय तो सगळ्या शाखांना फर्स्ट इयरला असतो तो पेपर. ऊर्मिलाताई पूर्ण बीटेकबद्दल विचारतायत. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता मीटिंगमध्ये आहे.

गोट्या_फुलटॉस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोण आधी म्हणतं बघू, "आजकाल सगळे शेवटी कोडिंगच करतात".

कोडगा

आजकाल सगळे शेवटी कोडिंगच करतात.

गोट्या, घे. आता गंभीरपणे. मी पवईचाच, इंजिनिअरिंग फिजिक्सचाच. हा कोर्स तिथे फिजिक्स डिपार्टमेंट चालवतं, वेगळं इंजिनिअरिंगचं खातं नाही. पहिलं वर्ष सगळ्यांबरोबर: गणित, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग, वर्कशॉप. क्वांटमची तोंडओळखही तेव्हाच, आणि ती सिव्हिलवाल्यालासुद्धा चुकत नाही. दुसऱ्या वर्षापासून खरं सुरू होतं. क्लासिकल मेकॅनिक्स, गणिती पद्धती, ऑप्टिक्स, अ‍ॅनालॉग आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. पुढे क्वांटम, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी, सॉलिड स्टेट. आणि लॅब. दर सेमला लॅब. बाकीची पोरं दुपारी फुटबॉल खेळत असायची आणि आम्ही ऑसिलोस्कोपच्या प्रोबचं अर्थिंग शोधत असायचो.

मी कॉम्प्युटरमध्ये मायनर (जोडविषय) केलं, उन्हाळ्यात एका फायनान्स कंपनीत इंटर्नशिप केली, तिथेच चिकटलो. आज शेअरचे भाव किती हलतील याचं गणित मांडतो. ब्राउनियन मोशन (पाण्यातल्या बारीक कणांची वेडीवाकडी हालचाल) तेच, परागकणांच्या जागी पैसे. माझ्या वर्गातले बरेचसे असेच सॉफ्टवेअर, डेटा, कन्सल्टिंग, फायनान्समध्ये आहेत. काही जण अमेरिकेला पीएचडीला गेले. म्हणून माझं स्पष्ट मत: नोकरीच करायची असेल तर व्हीएनआयटीचं कॉम्प घ्या. आम्ही तिथेच पोचलो, फक्त वळसा घालून.

निवांत_नाना

कोडगा, हलके घ्या पण एक भर घालतो. तुमचं ते पैशांचं ब्राउनियन मोशन बॅशेलिए नावाच्या फ्रेंच माणसाने १९०० साली प्रबंधात मांडलं होतं. आइन्स्टाइनचा द्रवातल्या कणांवरचा पेपर आला १९०५ ला. म्हणजे पैसेच आधी आले होते.

धेडगुजरी शब्दावरून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी आयुष्य तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात काढलं. ज्यांच्या नावाने आमचं केंद्र आहे ते होमी भाभा केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायला. घरच्यांची इच्छा होती की परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं. त्यांनी १९३० ला मेकॅनिकल फर्स्ट क्लासमध्ये काढलं आणि मग फिजिक्सकडे वळले. पॉल डिरॅक तर ब्रिस्टलचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, १९२१ चा. महायुद्धानंतरची मंदी होती, नोकरी मिळेना, म्हणून गणिताकडे गेला. १९३३ ला नोबेल.

गोट्या_फुलटॉस

म्हणजे प्लेसमेंट झालं नाही म्हणून नोबेल मिळालं. हे आमच्या टीपीओला (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याला) सांगायला हवं.

निवांत_नाना

:) हसा. पण तोच डिरॅक पुढे म्हणायचा की इंजिनिअरिंग शिकल्यामुळे 'साधारण बरोबर' गणित चालवून घ्यायची सवय लागली. आणि जॉन बार्डीन, ज्याला फिजिक्सचं नोबेल दोनदा मिळालं (१९५६ ला ट्रान्झिस्टरसाठी, १९७२ ला सुपरकंडक्टिव्हिटीच्या, म्हणजे खूप थंडीत विजेचा रोध नाहीसा होण्याच्या, सिद्धांतासाठी), त्याचीही पहिली पदवी इलेक्ट्रिकलची. आमच्याकडे १९५७ पासून ट्रेनिंग स्कूल आहे, तिथे इंजिनिअर आणि फिजिक्सवाले दोन्ही एका छपराखाली घेतात. रिअ‍ॅक्टरला काही कळत नाही की समोरचा कुठल्या खात्याचा आहे. न्यूट्रॉन आणि पंप दोन्ही एकाच वेळी चालावे लागतात.

सातपुडा

नानांचा आदर ठेवून: डिरॅक, बार्डीन, भाभा ही उदाहरणं म्हणजे सचिन दहावीनंतर शिकला नाही म्हणून पोराची शाळा सोडवण्यासारखं आहे. सामान्य पोरांचं बोला.

माझ्या पुतण्याने उत्तरेतल्या एका कॉलेजातून ही डिग्री घेतली. त्याला सरकारी कंपनीत जायचं होतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'शाखा निवडा' अशी खाली घरंगळणारी यादी. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन. इंजिनिअरिंग फिजिक्स नाहीच. 'इतर' वर टिचकी मारली की पुढचं पान उघडेना. फोन केला तर बाई म्हणाल्या, "जाहिरातीत नसेल तर नाही." पोराची गेटची (इंजिनिअरिंग-विज्ञानाच्या पदवीनंतरच्या परीक्षेची) रँक उत्तम होती, पण ती फिजिक्सच्या पेपरची, आणि जाहिरातीत तो पेपरच नाही. घरी आजी विचारते, "इंजिनिअर झालास ना रे?" हे काय उत्तर देणार?

हे कोणी माहितीपत्रकात छापत नाही. म्हणून लिहिलं.

विदर्भकन्या

सातपुडा +१. व्हीएनआयटीचं कॉम्प सोडू नका हो. नागपूर, घरापासून... सांगलीहून लांबच आहे म्हणा. पण संत्री मिळतात.

फोटॉनवाली

आता सवडीने लिहिते. मी पवईची नाही, दुसऱ्या एका आयआयटीतून हेच केलं. मग नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला मास्टर्स, आणि आता जवळच फेल्डहोव्हनला एएसएमएलमध्ये (चिप छापायची यंत्रं बनवणारी कंपनी) आहे.

सातपुडा म्हणतात ते खरं आहे. पीएसयू (सरकारी कंपनी) हे ध्येय असेल तर ही शाखा नकोच, तिथे मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलला तोड नाही. इस्रोचं ध्येय असेल तर तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत इंजिनिअरिंग फिजिक्सची दुहेरी पदवी आहे, ती वेगळी बघा. पण त्यावरून डिग्रीच निरुपयोगी असं म्हणणं मला पटत नाही.

आमचं काम सांगते. आजच्या सगळ्यात बारीक चिप छापायला १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तसा दिवा बाजारात मिळत नाही. म्हणून वितळलेल्या कथलाचे, केसाहूनही बारीक थेंब सेकंदाला पन्नास हजार या वेगाने सोडतात, आणि प्रत्येक थेंबावर लेझर दोनदा मारतात. पहिल्या फटक्यात थेंब चपटा होतो, दुसऱ्यात त्याचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून हा प्रकाश निघतो. तो हवेत शोषला जातो म्हणून सगळं निर्वातात. काचेतही शोषला जातो म्हणून भिंगं चालत नाहीत, सगळे आरसे. आणि उडालेलं कथील त्या आरशावर बसू द्यायचं नाही! आता सांगा, ही मेकॅनिकलची नोकरी की ऑप्टिक्सची, की प्लाझ्मा फिजिक्सची? माझ्या टीममध्ये तिन्ही प्रकारची माणसं आहेत आणि ती एकमेकांशी बोलताना मध्ये दुभाष्या लागतो. पगार मला त्या दुभाषेपणाचा मिळतो.

ताईंच्या खऱ्या प्रश्नाकडे येते, क्लासमधलं फिजिक्स आणि हे फिजिक्स. तिसऱ्या वर्षी आम्हाला वायबीसीओ सुपरकंडक्टर बनवायला दिला. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड तोलून घ्यायचं, अगेटच्या खलात हात दुखेपर्यंत घोटायचं, भट्टीत नऊशेच्या वर तापवायचं, पुन्हा घोटायचं, गोळी दाबायची, मग ऑक्सिजन सोडत हळूहळू थंड करायची. गोळी काळी कुळकुळीत यायला हवी. आमची हिरवट निघाली. सरांनी लांबूनच बघून सांगितलं, "हा दुसराच फेज झालाय, प्रमाण चुकलंय. पुन्हा." पुन्हा म्हणजे पुन्हा एक आठवडा. दुसरी गोळी काळी आली. तिच्यावर चांदीच्या लेपाने चार तारा चिकटवल्या, द्रव नायट्रोजनमध्ये सोडायला लागलो तर गारठ्याने एक तार निसटली. मग तार जोडायची, परत सोडायची. अखेर ९२ केल्विनच्या आसपास रोध धाडकन खाली आला. आलेखावर तो कडा बघताना माझी पार्टनर ओरडली आणि शेजारच्या लॅबमधले धावत आले, काही फुटलं की काय म्हणून.

हे वाचून तुमच्या मुलीला "बापरे, एवढी कटकट" वाटलं तर इलेक्ट्रॉनिक्स घेऊ दे. "दुसरी गोळी का काळी आली?" असं विचारलंन तर यादी बदलू नका.

क्ष-किरण

वा फोटॉनवाली! प्रतिसाद जपून ठेवला.

माझी भर छोटी आहे. मी मेडिकल फिजिसिस्ट, कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशनचा डोस किती आणि कुठून द्यायचा ते ठरवणाऱ्यांतली. इंजिनिअरिंग फिजिक्स करून या क्षेत्रात येता येईल का असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. भारतात थेट नाही. एमएससी फिजिक्स आणि त्यावर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, नाहीतर मेडिकल फिजिक्सचीच एमएससी लागते, एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) नियमच आहे. हे आधीच माहीत असलेलं बरं.

मेघना_कात्रजकर

आयसरचं कोणीच बोलत नाहीये म्हणून मी. पाषाणला पाच वर्षं काढलीत, बीएस-एमएस.

मोठा फरक असा की आयसरमध्ये सुरुवातीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, गणित सगळं करावं लागतं आणि शाखा नंतर ठरते. माझी मैत्रीण फिजिक्स म्हणून आली आणि माशांच्या थव्यांच्या गणितात रमली, आज बायॉलॉजीत पीएचडी करते. पाचवं वर्ष जवळजवळ सगळं प्रबंधाचं. बारावीच्या गुणांवर इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. आयआयटीची नुसती ट्यूशन फी वर्षाला दोन लाख (उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर मोठी सूट आहे, ते बघा).

उलट बाजू: कॅम्पसवर नोकरी द्यायला येणाऱ्या कंपन्यांची पवईशी बरोबरी नाही. पीएचडीच करायची हे नव्वद टक्के पक्कं असेल तर आयसर. पक्कं नसेल तर इंजिनिअरिंग फिजिक्स, कारण तिथे दार दोन्हीकडे उघडं राहतं. अमेरिकेत चार वर्षांच्या बीटेकवर थेट पीएचडीला घेतात. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स करावं लागतं, फोटॉनवालींनी केलं तसं.

कोडगा

मेघना, दार उघडं राहतं खरं, पण वारा एकाच दरवाजातून येतो. तिसऱ्या वर्षी हॉस्टेलवर सगळे इंटर्नशिपच्या तयारीला लागलेले असताना एकट्याने लॅबमध्ये थांबायला जिगर लागते. मला नव्हती, आणि मी मजेत आहे. :)

हॅमिल्टनकर

कॅनडातून नमस्कार. सातपुडांच्या पुतण्याची गोष्ट वाचून वाईट वाटलं, कारण इथे हाच कोर्स अधिकृत इंजिनिअरिंग धरला जातो. आमच्या मॅकमास्टरमध्ये इंजिनिअरिंग फिजिक्सचं स्वतंत्र खातं आहे, आणि विद्यापीठाच्या आवारातच १९५९ पासून अणुभट्टी चालते. होय, आवारातच, बसस्टॉपवरून घुमट दिसतो. क्वीन्सला आणि व्हँकुव्हरच्या यूबीसीतही हा कोर्स आहे. पदवी घेतली की बाकी इंजिनिअरांसारखीच करंगळीत लोखंडी अंगठी घालतात, आणि अनुभव आणि परीक्षा झाल्यावर पी.इंज. परवाना मिळतो. फॉर्ममध्ये 'इतर' निवडावं लागत नाही.

फी मात्र परदेशी मुलांना डोळे पांढरे करणारी. स्वीडनमध्येही पाच वर्षांचा 'टेक्निकल फिजिक्स' अभ्यासक्रम फार मानाचा, चाल्मर्सला आहे, केटीएचला आहे. पण २०११ पासून युरोपबाहेरच्यांना तिथेही फी लागते आणि पहिली तीन वर्षं शिकवणं स्वीडिशमध्ये.

एटीकेटी_सम्राट

घुमट बसस्टॉपवरून दिसतो?! आणि आमच्या कॉलेजात सोडियमचा दिवा सुद्धा कुलुपात असायचा.

बारामतीचे_सर

सम्राट, तो दिवा कुलुपात ठेवणारा मीच, म्हणजे माझ्यासारखाच कुणीतरी. इंजिनिअरिंग कॉलेजात प्रथम वर्षाला फिजिक्स शिकवून केस पांढरे झाले. एका दिव्यामागे वीस मुलं, त्यातली अठरा वही उतरवत असतात.

ऊर्मिलाताई, तुमची धास्ती अगदी रास्त आहे आणि तिला कोणी पुरतं उत्तर दिलेलं नाही. हल्ली 'इंटिग्रेटेड' नावाखाली अकरावी-बारावी जाते ती क्लासमध्येच. कॉलेज नावाला, प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, जर्नल कुणाचंतरी बघून. अशा मुलांनी फिजिक्स केलेलंच नसतं, त्यांनी गणितं सोडवलेली असतात. चार पर्यायांपैकी एक बरोबर, तीन मिनिटांत. लॅबमध्ये पर्याय नसतात आणि मिनिटंही नसतात.

एक उपाय सुचवतो. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांची साइट) क्वांटम मेकॅनिक्सचा पदवीचा कोर्स फुकट आहे. पहिली चार-पाच लेक्चरं तिला बघू द्या आणि मुख्य म्हणजे गृहपाठ सोडवू द्या. नुसती लेक्चरं सगळ्यांनाच आवडतात. दुसरं, घरात एक मोजमाप करायला सांगा. गच्चीतून दोरीला दगड बांधून लंबक करा आणि 'जी' काढायला सांगा. आकडा ९.८ यायला हवा हे तिला पाठ आहे. तो आला नाही की ती काय करते ते बघा. आकडा बदलून लिहिते, की दोरीची लांबी गाठीपर्यंत मोजायची की दगडाच्या मध्यापर्यंत यावर डोकं लावते?

गोट्या_फुलटॉस

सर, मी आकडा बदलून ९.८१ लिहिला होता आणि आज मी ऑडिटर आहे.

मराठवाडा_मित्र

गोट्या =))

सगळे परदेशाचंच बोलायलेत. आमच्या हिंगोलीत लायगो (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) येणार आहे! औंढा नागनाथजवळ, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २,६०० कोटी मंजूर केले. प्रोटॉनच्या आकाराच्याही कितीतरी लहान अंशाइतकी हालचाल मोजणार म्हणे. अशा जागी इंजिनिअरिंग फिजिक्सवाले नाही लागणार तर कोण लागणार?

विदर्भकन्या

दादा, तिथे आसपास प्लॉटचे भाव काय चाललेत?

मराठवाडा_मित्र

ताई, प्लॉट घ्या पण ट्रॅक्टर जपून चालवा. शेजारून जड गाडी गेली तरी यंत्राला कळतं.

निवांत_नाना

मित्रा, बरोबर मुद्दा काढलास. निर्वात नळ्या, लेझर, आरशांची टांगणी, कंपनरोधन, डेटा. यातलं एकही काम निव्वळ फिजिक्सचं नाही आणि निव्वळ इंजिनिअरिंगचंही नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं तेच. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करता बारीक तारांच्या जाळीचा केला. तरंगलांबी मोठी असल्याने जाळी पुरते, वजन घटतं, वारा आरपार जातो, खर्च आवाक्यात येतो. हे सुचायला लहरी आणि लोखंड दोन्ही कळणारी माणसं लागतात. २०२३ लाच राष्ट्रीय क्वांटम मिशनही मंजूर झालंय, सहा हजार कोटींचं.

सातपुडा

नाना, मिशन मंजूर होतात. पदांच्या जाहिरातीत शाखेचं नाव कधी येणार ते सांगा. माझा मुद्दा अजून तिथेच आहे.

निवांत_नाना

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. यायला हवं, हे खरं.

संपादक_मंडळ

प्लॉट खरेदी-विक्रीचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा विभाग आहे. कृपया धाग्याच्या विषयावर लिहावे.

फोटॉनवाली

सातपुडा, पुतण्या आता काय करतो?

सातपुडा

बंगळूरला चिप डिझाइनच्या कंपनीत आहे. टेस्टिंग करतो. बरं चाललंय. त्याची तक्रार नाही, माझी आहे.

ऊर्मिला_सांगलीकर

नमस्कार, मी मुलगी. आईच्या आयडीवरून लिहितेय, ती शेजारीच बसली आहे.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. लंबक केला. पहिल्यांदा १०.४ आला. आजोबा म्हणाले वारा असेल, पण वाऱ्याने एवढा फरक पडणार नाही असं मला वाटलं. मी एकेका झोक्याचा वेळ मोजत होते, त्यात बटण दाबायलाच उशीर-लवकर होत होतं. मग वीस झोक्यांचा एकत्र मोजला. ९.७ आला. दोरी ताणली जाते का ते अजून बघायचंय. आणि हो, दुसरी गोळी का काळी आली? प्रमाण बदललं की ऑक्सिजन?

माझे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्या वर्षापासून प्राध्यापकांच्या लॅबमध्ये काम करू देतात का? आणि वर्गात मुली किती असतात?

फोटॉनवाली

प्रमाण! हिरवा फेज येतो तो घटकांचं गुणोत्तर चुकल्यामुळे किंवा मिश्रण नीट न घोटल्यामुळे. ऑक्सिजन कमी पडला तर गोळी काळीच दिसते पण सुपरकंडक्ट नीट करत नाही, ते जास्त फसवं.

लॅबमध्ये घेतात, पण बोलावणं कोणी पाठवत नाही. सरांच्या खोलीबाहेर जाऊन उभं राहावं लागतं. पहिल्या सेमिस्टरला आधी लॅबमधल्या पीएचडीच्या मुलांशी ओळख कर, कुठलं मशीन खरंच चालू आहे ते त्यांनाच माहीत असतं. मुलींसाठी २०१८ पासून आयआयटीत वाढीव जागा आहेत, आता निदान पाचात एक मुलगी असते. माझ्या वेळी आम्ही एका बाकावर मावत होतो.

कोडगा

वीस झोके एकत्र मोजायचं स्वतः सुचलं? मग माझं आधीचं व्हीएनआयटीचं मत तिच्या बाबांसाठी होतं असं समजा. एक मात्र सांगतो: शाखा बदलून मिळेल या भरवशावर कुठलीच सीट घेऊ नको. काही आयआयटींनी ती सोयच बंद केली आहे. आणि मायनर मात्र कर, कॉम्प किंवा इलेक्ट्रिकल.

बारामतीचे_सर

दोरी ओली करून बघ, मग वाळवून बघ. आणि पर्याय भरताना आवडीच्या क्रमानेच भर. 'हे मिळणार नाही' म्हणून वरचं खाली ढकलू नको. पहिल्या फेरीत सीट आली की फ्रीज (हीच पक्की) न करता फ्लोट (वरच्या पसंतीची वाट बघणं) ठेवायचं की नाही हे घरात आधीच ठरवा, त्या दोन दिवसांत फार भांडणं होतात.

ऊर्मिला_सांगलीकर

मी आई. सर, भांडणं सुरू झाली आहेत. हे आता म्हणतात की पवई एक नंबरला राहू दे, पण दोन नंबरला व्हीएनआयटी. ती म्हणते दोन नंबरला गुवाहाटीचं इंजिनिअरिंग फिजिक्स. आजोबा गच्चीत दोरी भिजवतायत.

गोट्या_फुलटॉस

आजोबांना लाइक.

साधा_माणूस

धागा आजच पाहिला. माझा मुलगा डिप्लोमा करतोय, मेकॅनिकल, दुसरं वर्ष. त्याला डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आयआयटीत इंजिनिअरिंग फिजिक्स मिळेल का?

मेघना_कात्रजकर

साधा_माणूस, नाही. आयआयटीत बीटेकला डिप्लोमाची लॅटरल एंट्री नसते. राज्यातल्या कॉलेजांत थेट दुसऱ्या वर्षाला मिळते, त्यासाठी 'डिप्लोमानंतर काय' हा धागा वर काढते, तिथे लिहा.